हिरव्या टेकडीचं जुनं नाव

अंशुमनने जपानमधल्या फ्लॅटचा पत्ता पाठवला, तेव्हा मी आधी नावाचा अर्थ शोधला. मिदोरिगाओका, म्हणजे हिरवी टेकडी. असली नावं मला ठाऊक आहेत. पुण्यात आमच्याकडे बिल्डरने ओढा बुजवून त्यावर ‘गिरिशोभा’ बांधली होती. एका पावसाळ्यात गिरिशोभेतल्या आमच्या घरात चिखल शिरला तेव्हा बाबांनी मला माळ्यावर बसवलं होतं.

कंपनीने अंशुमनला लीड्सहून तिकडे पाठवलंय. माझा आणि लेकीचा, मायराचा, व्हिसा त्याच्याच नोकरीला टांगलेला, म्हणून महिनाअखेर आम्हीही निघायचं. इथल्या घराची नोटीस देऊन झालीय, सोफासुद्धा गेला.

प्लेग्रुपमध्ये कानाए भेटते, ती जपानचीच. तिची मुलगी मायराएवढीच, तीन वर्षांची. मी तिला फोनवर नकाशा दाखवला.

“हवा छान असेल,” ती म्हणाली. मग नकाशा मोठा करून बघतच राहिली.

“काय गं? सांग ना.”

“हे नाव नवं आहे. वसाहत बांधताना अशी गोड नावं ठेवतात. बसस्टॉपवर जुनं राहिलंय बघ. जानुकेझावा. झावा म्हणजे डोंगरातला ओढा. जानुके म्हणजे साप निसटला.”

“साप?”

“खरा नाही गं. मोठ्या पावसात डोंगरावरून दगडमाती सरसरत खाली येते ना, तिला काही गावांत जुनी माणसं असं म्हणतात.” मग घाईघाईने, “खूप जुनी गोष्ट असेल. आता बांध वगैरे घातले असतील.”

घरी येऊन अंशुमनला व्हिडिओ कॉल लावला आणि ते जुनं नाव सांगितलं.

“देवयानी, पुण्यात नागझरी आहे. किती नाग चावले तुला?”

“नाग नसतील. झरी तर आहे?”

तो हसला. मी नाही हसले. मग त्याने धोक्याच्या जागांचा सरकारी नकाशा उघडून स्क्रीनवर दाखवला. डोंगराच्या पायथ्याशी पिवळा पट्टा होता. तो आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी संपत होता.

“बघ, आपण बाहेर!”

“भिंतीएवढे बाहेर. चिखलाला नकाशा वाचता येतो का रे?”

“अगं, कंपनीचं घर आहे. दोन वर्षांचा करार झालाय. ऑफिसातले सगळे तिथेच राहतात, त्यांनाही पोरं आहेत.” मग जरा मऊ आवाजात, “मी विचारलं होतं दुसऱ्या घराचं. नाही म्हणाले.”

म्हणजे त्यालाही कुठेतरी वाटलं होतं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या प्लेग्रुपला मी कानाएला विचारलं, धोका आला की तिकडे काय ओरडतात? तिने दोनदा म्हणून दाखवलं. निगेते. पळा.

आता रोज संध्याकाळी मायराशी हा खेळ खेळते. खोक्यांमधून वाट ठेवलीय. मी “निगेते!” म्हटलं की तिने धावत जिना चढायचा, वर जाऊन बसायचं, मागे बघायचं नाही. खाली आई असली तरी नाही. तिला सगळं कळतं. मान डोलावते, “हो आई” म्हणते.

मग मी जोरात ओरडते, आणि ती हातातली बाहुली टाकून, जिना सोडून, धावत येऊन माझ्याच पायांना मिठी मारते.