बेपत्त्याचा पत्ता

दुसऱ्या महायुद्धावर मी तीस वर्षं व्याख्यानं झोडली. इटलीची मोहीम हा तर माझा हातखंडा. दोस्तांच्या आठव्या सैन्याने सांग्रो नदी कशी ओलांडली, हे फळ्यावर बाण काढून सांगायचो. एका वाक्याला हमखास हशा घ्यायचो: सेनापतीने हुकूम सोडला खरा, पण नदी काही त्याच्या पलटणीत नव्हती, पूर आला आणि बांधलेला पूल गेला वाहून. पोरं खो-खो हसायची.

परवा शेजारच्या सकीनाबी आल्या. वय ब्याऐंशी. त्यांचे वडील गनीभाई त्याच इटलीत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, हे भिंतीला भिंत लागून राहूनही मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. सेनापती सोडून कुणाची चौकशी करायची मला सवय नव्हती.

त्रेचाळीस सालच्या शेवटी घरी तार आली. गावातल्या एका शिकलेल्याने वाचून सांगितलं, गनीभाई बेपत्ता. सकीनाबींच्या अम्माने त्याचा अर्थ असा घेतला, की नवऱ्याजवळचा घरचा पत्ता हरवलाय. म्हणून दर ईदेनंतर ती नगरला एका सरकारी कचेरीत जायची आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी देऊन यायची: घोडेगाव, तालुका नेवासा. कारकून चिठ्ठी घ्यायचे. खरा अर्थ तिला एकानेही सांगितला नाही. एकोणपन्नास वर्षं तिने हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत. मरताना लेकीकडून कबूल करून घेतलं, की पक्की खबर आल्याशिवाय बापाच्या नावाने मृतासाठीचा फातिहा पढायचा नाही.

"मला बी आता लई दिस न्हाईत," सकीनाबी म्हणाल्या. "तेवढी खबर काढून द्या, सर. फातिहा ऱ्हायलाय."

युद्धात पडलेल्या सैनिकांची यादी आता मोबाईलवर मिळते. मला पाच मिनिटं लागली. फक्त पाच! गनीभाईंची कबर नव्हती, इटलीतल्या एका स्मारकावर नुसतं नाव होतं. तारीख पाहिली. पूल वाहून गेला तोच दिवस. मी त्यांना तारीख सांगितली. त्या दिवसावर मी तीस वर्षं हशा घेतला, हे सांगायची हिंमत झाली नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

आणखी काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. यादीत नावाखाली इंग्रजीत एक ओळ होती. ती मी मराठीत सांगितली: आमिनाचे पती, राहणार घोडेगाव, तालुका नेवासा, जिल्हा अहमदनगर.

"पत्ता हुता सरकारकडं?"

"होता. पहिल्यापासून."

सकीनाबींनी पदर डोक्यावर घेतला आणि दुवेसाठी दोन्ही हात पुढे धरले. मीही मान खाली घातली. फातिहा ऐकू येईना, म्हणून वर पाहिलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मंग बेपत्ता कोन हुतं, सर?"