डाव्या बाजूचे विनोद

वस्तादांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. सलूनमध्ये पहिल्या खुर्चीवर ते पुरुषांचे केस कापत, दुसरीवर त्यांची बायको बायकांचे. तिचा डावा कान वर्षानुवर्षं वाहायचा आणि त्या कानाने तिला काहीच ऐकू येत नसे. वस्ताद त्या बाजूने तिच्या मागे जायचे आणि हळूच म्हणायचे, "आमच्या मालकीणबाईंचा हा दरवाजा कायमचा बंद. काय हव्या त्या शिव्या द्या." गिऱ्हाइकं खो खो हसायची. सगळे हसतात म्हणून तीही हसायची, की लोक पुन्हा हसायचे.

डॉक्टरचा विषय निघाला की वस्तादांचं उत्तर ठरलेलं. "कान वाहून कोणी मेलंय का? थेंब घाल, कापूस लाव." शेवटी एक दिवस चक्कर येऊन ती गिऱ्हाइकाच्या अंगावरच कोसळली, तेव्हा कुठे स्वारी हलली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन पडद्यावर लावला.

"हा चांगला कान. यामागचं हाड बघा, पावासारखं जाळीदार, आत हवा. आणि हा खराब. जाळी सगळी भरून गेलीय. कानाच्या पडद्याआड कातडी वाढलीय, ती हाड खात सुटलीय. ऐकण्याची तीन इवलीशी हाडं असतात, त्यातलं एकच उरलंय. चेहरा हलवणारी नस इथून जाते, तिच्यावरचं हाडही गेलंय."

"म्हणजे?" वस्तादांनी विचारलं.

"म्हणजे ऑपरेशन लगेच हवं. कानामागचं हाड कोरून घाण काढावी लागेल. नस जपूच, पण चेहरा वाकडा होण्याचा धोका आहे. काही वर्षं आधी आला असता तर इतकं झालं नसतं."

बायकोने वस्तादांकडे पाहिलंही नाही. तिने एक शब्द सुनावला असता तरी त्यांना बरं वाटलं असतं.

कानामागचे केस काढायचे होते. "ते मी करतो," वस्ताद म्हणाले. आदल्या संध्याकाळी शटर ओढून त्यांनी तिला तिच्याच खुर्चीवर बसवलं. कापूस काढला तसा तो वास आला. एरवी ते तोंड फिरवायचे, आज फिरवलं नाही. मशीन फिरवता फिरवता त्यांना राहवेना. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून ते तिच्या डाव्या कानापाशी पुटपुटले, "माझं चुकलं. तुझ्या जिवाशी खेळलो मी."

"चुकलं म्हणायचं तर समोर येऊन म्हणा," ती म्हणाली.

वस्तादांचा हात थांबला. "तुला ऐकू आलं?"

तिने समोरच्या आरशाकडे बोट केलं. "ओठ दिसतात की. आरसे तुम्हीच लावलेत."

रोज सकाळी ते आरसे वस्ताद स्वतःच्या हाताने पुसायचे.

"म्हणजे आजवरचं ते सगळं..."

"सगळं."

"मग हसायचीस कशाला?"

"चारचौघांत तुमची शोभा कशाला करायची?" तिने मान खाली घातली. "खालचे केस राहिलेत. काढा."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन बरंच लांबलं. बाहेरच्या बाकावर वस्तादांचा जीव टांगणीला लागला होता. उभ्या आयुष्यात ते इतका वेळ गप्प बसले नव्हते.

ती शुद्धीवर आली तेव्हा डोक्याभोवती जाड पट्टी होती. डॉक्टरीणबाई वाकून मोठ्याने म्हणाल्या, "हसून दाखवा बरं."

ती हसली.

"छान. दोन्ही बाजू अगदी सारख्या. नस शाबूत आहे."

वस्तादांच्या जिवात जीव आला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी ते हसू ओळखलं. हसायला सांगितलं म्हणून हसलेलं, तेवढ्यापुरतं. सलूनमध्ये त्यांच्या प्रत्येक विनोदावर ती असंच हसायची.

"अहो, आता तुम्हीही हसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वस्तादांना ते काही जमेना.