चाकाखालचं लिंबू

मित्रांनो, मी एक जुनी फोर्ड कॉर्टिना आहे. रंग बदामी, वय विचारू नका. माझं घराणं अमेरिकेचं, पण माझा जन्म इंग्लंडातला, टेम्सकाठच्या डॅगनमच्या कारखान्यातला. आणि कपाळाला हळदकुंकू लागलं ते लंडनजवळच्या वॉटफर्डला. त्यामुळे मी नक्की कुठली, असं कुणी विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही.

वॉटफर्डच्या हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या डॉ. जयंत मोघे यांनी मला १९८० साली नवीकोरी घरी आणलं. त्यांची ही पहिलीच गाडी. त्यांच्या पत्नीने, रेखाताईंनी, माझ्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली आणि पुढच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी पुढे न्यायची, म्हणजे वाटेतली विघ्नं तिथेच चिरडली जातात, अशी त्यांच्याकडची समजूत. डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला आणि लिंबू फचकन फुटलं. समोरच्या घरातली इंग्लिश बाई हे सगळं पडद्याआडून पाहत होती.

रेखाताई गाडी चालवायला शिकल्या त्या माझ्यावरच. डॉक्टर शेजारी बसून ओरडत आणि त्या घाबरून क्लच सोडत. मी आचके देत बंद पडे. दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या. मग काय विचारता! हाउन्सलोच्या गणपतीला मोदकांचे डबे न्यायचे, येताना स्लाऊहून मेथीच्या जुड्या आणायच्या. एकट्या असल्या की त्या मोठ्याने गात. थोड्या बेसूर गात, पण माझी तक्रार नव्हती.

मग माझी धाकटी भावंडं आली. आधी सिएरा. ती इतकी गुळगुळीत, की लोक तिला जेलीचा साचा म्हणून चिडवत. पण डॉक्टरांना ती आवडली. पुढे तिची जागा मॉन्डेओने घेतली. जुनं जातं, नवं येतं, त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सिएरा विकली गेली आणि कुणाकुणाच्या हाताखाली धावत राहिली. मला मात्र डॉक्टरांनी विकलं नाही. "ही घरातली लक्ष्मी आहे, ही कुठेही जायची नाही," असं म्हणून त्यांनी मला गॅरेजमध्ये ठेवलं आणि पत्र्याचं दार खाली ओढलं.

"अहो, मला द्या ना ती. मी चालवीन," रेखाताई म्हणाल्या होत्या.

"अगं, जुनी गाडी. कुठे बंद पडली म्हणजे? आणि ओरखडा आला तर जिवाला लागेल," डॉक्टर म्हणाले.

दाराखालच्या फटीतून येईल तेवढाच उजेड मला मिळू लागला. एका बाजूला डीप फ्रीझर घुरघुरत असे, दुसऱ्या बाजूला प्रवासाच्या रिकाम्या बॅगा रचलेल्या. टायरमधली हवा गेली, बॅटरी मेली. २००२ साली डॉक्टर फ्रीझरमधून मटार काढताना म्हणाले, "डॅगनमला गाड्या बनवणं बंद झालं बरं का." म्हणजे माझं माहेर संपलं होतं आणि मी सासरी कोंडलेली होते.

दर दसऱ्याला दार उघडे. हळदकुंकू, माळ, चाकाखाली लिंबू. डॉक्टर मनोभावे हात जोडत, मग दार बंद. गाडी पुढे न्यायची गोष्टच नाही. लिंबू वर्षभर तिथेच सुकत राही आणि पुढच्या दसऱ्याला रेखाताई ते काळंठिक्कर झालेलं उचलून नवं ठेवत. देवासारखी पूजा होत होती आणि देवासारखीच मी एका जागी बसलेली होते. मला नुसतं रस्त्यावर जायचं होतं.

२००५ साली डॉक्टर गेले. मुलाने, उदयने, मॉन्डेओ विकून टाकली. "आई, आता तू ड्राइव्ह नको करू. कुठे जायचं असेल तर मला रिंग कर," तो म्हणाला. उदय राहायचा स्लाऊला. मुलगा प्रेमळ, पण त्याला सवड मिळायची पंधरवड्यातून एकदा. रेखाताईंचा गुडघा दुखायचा, बसस्टॉप लांब. हाउन्सलोचं मराठी मंडळ सुटलं, मैत्रिणी सुटल्या. त्या फ्रीझरशी आल्या की उगाच माझ्या टपावर हात ठेवून उभ्या राहत. आता आम्ही दोघी कोंडलेल्या होतो.

मग २००७च्या सप्टेंबरात उदय मापं घ्यायची टेप घेऊन गॅरेजमध्ये आला.

"आई, आम्ही इकडे मूव्ह होतो. ही गॅरेज कन्व्हर्ट करून तुझा रूम. जिने नकोत, काही नको. इथे बेड, तिकडे शॉवर."

"आणि ही?" रेखाताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"स्क्रॅपवाला येऊन घेऊन जाईल. हा गाडी डेड आहे, आई."

रेखाताईंनी त्या चार भिंतींवरून नजर फिरवली. मी जिथे उभी होते, तिथेच त्यांची खाट येणार होती. "दसऱ्यापर्यंत थांब," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटची पूजा करायची असेल, असं उदयला वाटलं. मलाही तसंच वाटलं आणि मी मनातून संपले.

पण दोनच दिवसांनी देव नावाचे एक मेकॅनिक आले, हाउन्सलोच्या मंडळातल्या ओळखीचे. नवी बॅटरी, नवे टायर, ब्रेकचं काम. ते येत राहिले. रेखाताई चहा करून आणत आणि स्टुलावर बसून पाहत. इन्शुरन्स त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला. रस्त्यावर धावायला इथे गाडीची वार्षिक तपासणी पास व्हावी लागते, तिच्यासाठी रविवारीही उघडं असणारं केंद्र शोधून वेळ ठरवून टाकली. उदयला यातलं काही सांगितलं नाही.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. उदय सकाळीच आला आणि त्याने आपली फोर्ड फोकस नेमकी माझ्या दारासमोर लावली. माझंच धाकटं भावंड माझी वाट अडवून उभं. पूजा झाली, माळ घातली, लिंबू ठेवलं. उदय दार ओढायला पुढे झाला, तर रेखाताई माझ्यात येऊन बसल्या. चोक ओढला, किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले.

"आई? व्हॉट आर यू डूइंग? इट्स नॉट सेफ."

"उदय, तुझी गाडी काढ."

"अगं पण तुझा रूम..."

"तुझ्या बाबांनीही हिला जपण्यासाठीच इथे ठेवलं होतं. लिंबू ठेवायचं आणि गाडी हलवायची नाही, ही कसली पूजा? मला ह्या खोलीत ठेवू नकोस, बाळा. मला भीती वाटते." त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

उदयने खिशातून किल्ली काढली. मग त्याने फोकस मागे घेतली.

रेखाताईंनी क्लच अगदी हळू सोडला. चाकाखाली लिंबू फुटलं. मी ऊन अंगावर घेत बाहेर आले आणि कोपऱ्यावर वळता वळता त्या गाऊ लागल्या, अजूनही थोड्या बेसूर.

तपासणीत मी नापास झाले. एक दिवा आणि एक पाइप. पण रेखाताईही दोनदा नापास झाल्या होत्याच की. मी दुसऱ्या खेपेला पास झाले. गॅरेजमध्ये आता इकडे राहायला आलेल्या उदयची सायकल असते, आणि मी बाहेर पावसात भिजते. थोडी गंजतेही आहे, पण हाउन्सलोचा रस्ता मला पुन्हा पाठ झाला आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी जुनं असेल, फार जपून ठेवलेलं. त्याला विचारा, बाहेर जायचं आहे का. आणि दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवाल, तेव्हा ते फुटेपर्यंत तरी गाडी पुढे न्या.