खोकल्याचा खटका

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला खोकला झाला असेल तर खुशाल खोका, मला त्याचं काही वाटायचं नाही. माझा जन्मच त्यासाठी झाला आहे. मी एक जुना खटका आहे, बोटाच्या पेराएवढा, राखाडी रंगाचा. विद्यापीठाच्या आधुनिक भाषा विभागात सगळे मला खोकल्याचा खटका म्हणतात.

खोकल्याला खटका कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. सांगतो. विभागाच्या सभागृहात मागच्या भिंतीला लागून काचेची एक छोटी खोली आहे. तिच्यात एक अरुंद टेबल, दोन खुर्च्या, दोन माइक आणि दोन हेडफोन. पुढे व्यासपीठावर वक्ता परक्या भाषेत बोलत असतो, आणि काचेआडचा दुभाषा ते ऐकता ऐकताच आपल्या भाषेत सांगत जातो. सभागृहातले लोक कानाला हेडफोन लावून त्याचंच ऐकतात. आता दुभाषा झाला तरी माणूसच. त्याला ठसका लागतो, शिंक येते. ते सगळं लोकांच्या कानात जाऊ नये म्हणून प्रत्येक माइकशेजारी एक खटका असतो. डावीकडच्या माइकशेजारी मी. मला दाबून धरलं की माइक मुका होतो आणि बोट उचललं की पुन्हा बोलू लागतो. एवढंच माझं काम.

कारखान्यात माझ्या पोटात पितळेची एक पातळ पट्टी बसवली आणि तिच्याखाली स्प्रिंग. शेवटच्या टेबलावर तपासनीस बाई होत्या. त्यांनी मला दाबलं आणि माइकसमोर मनसोक्त खोकल्या. पलीकडे हेडफोन लावून बसलेला माणूस म्हणाला, ‘‘काही आलं नाही.’’ त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा खोकल्या. ‘‘आलं आलं, कान फुटला माझा!’’ तो ओरडला. बाई समाधानानं हसल्या आणि मी खोक्यात गेलो. माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी ती.

इथे आलो तेव्हा मला काय भाव होता म्हणून सांगू! एम.ए.च्या प्रत्येक नव्या वर्गाला विभागातल्या मॅडम आधी माझीच ओळख करून द्यायच्या. म्हणायच्या, ‘‘हा तुमचा जिवलग. पण जिवलगाच्या गळ्यात किती वेळ पडून राहायचं, याचं भान ठेवा. तुम्ही दाबून धरलंत की तिकडे शांतता. शांतता लांबली की पुढची डोकी मागे वळतात. डोकी वळली की समजा, तुमचं दुकान बंद.’’

मुलं हसायची. पुढे वर्षभरात एकेकाची गाठ माझ्याशी पडायचीच. कुणी मला दाबून शिंकायचं, कुणी शेजारच्याला घाईघाईनं शब्द विचारायचं, कुणी वक्त्याला मनापासून शिव्या घालायचं. एक मुलगी मला दाबून हुंदका द्यायची आणि बोट उचलून दूधपुरवठ्याचे आकडे खणखणीत आवाजात सांगायची. बाहेर कुणाला पत्ता लागायचा नाही. मला मात्र सगळं ऐकावं लागायचं. माझा स्वभाव मुळातच चुळबुळ्या, स्प्रिंगवर बसलेल्याला स्वस्थता कुठून येणार? ऐकलेलं कुणाला सांगता येत नाही, आपलं आपल्याला उठता येत नाही, दुसऱ्याचं बोट निघेपर्यंत दबून राहायचं. विचार करा, किती तगमग होत असेल.

मग दिवस पालटले. विभागात नवे संगणक आले, नवे पडदे आले, काचेच्या खोलीकडे कुणी बघेना. मुलं तिथे बसून बिस्किटं खायची आणि त्याचा चुरा माझ्या कडेच्या फटीतून आत जायचा. पट्टी झिजत चालली होती. दुरुस्तीवाले काका दारातून डोकावून म्हणायचे, ‘‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’’ आणि जायचे.

अशा काळात मावशी आली.

ती कुणाची मावशी नव्हती. वर्गातल्या मुलांपेक्षा बरीच मोठी, म्हणून पोरांनीच ते नाव ठेवलं आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं. इतकी वर्षं ती भाषांतराच्या एका कार्यालयात नोकरी करत होती. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, बारीक अक्षरांचा, तो ती स्पॅनिशमधून आपल्या भाषेत आणायची. तिथे एका थेंबाचे दहा थेंब झाले तर कुणाच्या जिवावर बेतायचं. म्हणून वाक्य लिहायचं, वाचायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं, हे तिच्या हाडीमासी खिळलं होतं. पण आता तसले कागद यंत्रच करू लागलं होतं. साहेबांनी तिला सांगून टाकलं होतं, की पुढे काम मिळेल ते काचेच्या खोलीत बसून बोलणाऱ्यांनाच. त्यासाठी एम.ए. हवं, आणि एम.ए.साठी या खोलीतली तोंडी परीक्षा पास व्हायला हवी.

तिची भाषा म्हणाल तर सगळ्या वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते ऐकलेला मी एकटाच. त्याचं असं व्हायचं. वक्त्याचं वाक्य कानावर पडलं की तिचं बोट माझ्यावर यायचं. मला दाबून ती ते वाक्य आधी हळूच स्वतःशी म्हणून बघायची. काय सुरेख वाक्य असायचं! मग त्यातला एखादा शब्द बदलून पुन्हा म्हणायची. मग बोट उचलून माइकमध्ये बोलायला जावं, तोवर वक्ता दोन वाक्यं पुढे निघून गेलेला. मग ती गडबडायची, अर्धंमुर्धं काहीतरी सांगायची आणि पुन्हा माझ्यावर बोट. पुढची डोकी मागे वळायची. आतल्या आत माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. अगं, आत्ता म्हणालीस तेच बाहेर म्हण की! पण मी ओरडणार कसा?

तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक उंच मुलगा बसायचा, लांब्या. त्याचे गुडघे टेबलाखाली मावायचे नाहीत. त्याला त्याच्या खटक्याची गरजच नव्हती. शिंकसुद्धा तो माइकमध्येच द्यायचा, वर ‘‘माफ करा’’ म्हणून पुढे सुटायचा. तो तिला म्हणायचा, ‘‘मावशी, तुम्ही वाक्याला इस्त्री करत बसता. चुरगळलेलं घालून निघा ना!’’

‘‘तुझं ठीक आहे रे,’’ ती म्हणायची. ‘‘माझ्या तोंडून चुकीचं गेलं तर मला जेवण जात नाही.’’

पहिल्या वर्षाअखेर ती तोंडी परीक्षेत नापास झाली. परीक्षकांनी शेरा दिला होता, ‘भाषा उत्तम असावी. फारसं ऐकू आलं नाही.’ नियमाप्रमाणे अजून एकदाच बसता येणार होतं.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन खोलीत बसली आणि तिनं मोठ्या बहिणीला फोन लावला. माइक सुरूसुद्धा नव्हता, तरी बोट माझ्यावर होतंच. ‘‘ताई, या वेळी नाही झालं तर मी सोडते गं,’’ ती म्हणाली. ‘‘नाही, रडत नाहीये. पण त्या काचेत बसलं की माझं तोंडच माझं राहत नाही.’’ पलीकडून ताई काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मावशीनं नुसतं ‘‘हो, खाल्लं आहे’’ म्हणून फोन ठेवला. तिच्या बोटाला घाम आला होता. त्या बोटाखाली मीही कासावीस झालो होतो.

परीक्षा सुरू झाली. व्यासपीठावरचे पाहुणे शहरातल्या गच्च्यांवर मधमाश्या पाळण्याबद्दल बोलत होते, आणि बोलत होते म्हणजे काय, मागे कुणी लागल्यासारखे धावत होते. पहिल्या रांगेत मॅडम आणि बाहेरून आलेले वयस्कर परीक्षक कानाला हेडफोन लावून बसले होते. पहिलं वाक्य आलं. मावशीनं मला दाबलं.

आणि माझ्या आत काही झालंच नाही. खाली चुरा, वर झिजलेली पट्टी, त्यामुळे टोकाला टोक लागेना. मित्रांनो, मी मुद्दाम बिघडलो अशी फुशारकी मारणार नाही. खटक्याला एवढी अक्कल नसते.

‘‘माश्यांना घर बदलायचं असलं की आधी काही जणी पुढे जाऊन जागा बघून येतात,’’ ती हळूच स्वतःशी म्हणाली. ते सरळ सभागृहात गेलं. मग बोट उचलून तिनं तेच वाक्य थोडं नटवून मोठ्यानं म्हटलं. लोकांनी ते दोनदा ऐकलं. तिनं पुन्हा मला दाबलं आणि पुटपुटली, ‘‘अगं बाई, हा माणूस श्वास घेतो की नाही?’’

सभागृहात हशा पिकला. सगळी डोकी मागे वळली.

‘‘मावशी,’’ लांब्या कुजबुजला, ‘‘बाहेर जातंय. सगळं बाहेर जातंय!’’ तिच्या माइकमधून हेही बाहेर गेलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोलीतलं यंत्र बिघडलं तर हात वर करायचा, असा नियम होता. तिचा हात उचललाही गेला. पण पुढे पाहुणे थांबायला तयार नव्हते, त्यांच्या माश्या नव्या घराकडे निघाल्यासुद्धा होत्या. तिनं तो हात खाली घेतला, दुसराही घेतला, दोन्ही मांडीखाली दाबून ठेवले आणि बोलायला लागली.

काय बोलली म्हणून विचाराल तर खडबडीत बोलली. वाक्याच्या मध्येच ‘म्हणजे’ यायचं. एकदा शेपूट आधी आणि डोकं नंतर आलं. एका ठिकाणी ती म्हणाली, ‘‘जागा निवडते ती राणी,’’ आणि लगेच, ‘‘चुकलं, राणी नाही, कामकरी माश्या निवडतात,’’ आणि तशीच पुढे गेली. उघड्यावर चूक दुरुस्त करताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो. आकाश काही कोसळलं नाही. पुढची डोकी हळूहळू पुन्हा व्यासपीठाकडे वळली. पाहुण्यांनी एक विनोद केला आणि लोक पाहुण्यांबरोबरच हसले, म्हणजे ती त्यांच्या मागोमाग पोचली होती. मला इतका आनंद झाला, की कुणाचं बोटसुद्धा मला खाली दाबून ठेवू शकलं नसतं.

भाषण संपल्यावर मॅडम आणि परीक्षक काचेच्या खोलीत आले. परीक्षकांनी मला दाबून बघितलं, माइकमध्ये खोकले, सभागृहात जाऊन हेडफोन लावलेल्या लांब्यानं ‘ऐकू आलं’ म्हणून मान हलवली.

‘‘खटका बिघडलाय,’’ परीक्षक म्हणाले. ‘‘यात तुमचा दोष नाही. आजची परीक्षा रद्द धरता येईल. दुरुस्ती झाली की पुन्हा बसा.’’

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘घ्या ही संधी. खरं सांगू? आज तुमची भाषा तुमच्यासारखी नव्हती. आजचं धरलं आणि नापास झालात, तर पुढे काही नाही हो.’’

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, मी पाघळून बोलत नाही, पण त्या क्षणी मला दुरुस्त व्हायचं नव्हतं. मी दुरुस्त झालो असतो तर तिचं बोट माझ्यावर परत आलंच असतं.

‘‘नको मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘आजचंच धरा.’’

‘‘अहो, नीट विचार करा.’’

‘‘तोच तर फार करते मी.’’ ती म्हणाली. ‘‘खटका चालला असता तर मी आज नापास झालेच असते. हे निदान ऐकू तरी आलं ना तुम्हाला?’’

परीक्षक कागदपत्रं काखेत घेऊन निघून गेले. मधले दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. खोलीला कुलूप होतं, विचारायला कुणी नव्हतं. निकालाच्या दिवशी लांब्यानं धाडकन दार उघडलं आणि शेरा माइकसमोर मोठ्यानं वाचून दाखवला, ‘‘ ‘भाषा खडबडीत. शेवटपर्यंत ऐकू आलं. उत्तीर्ण.’ मावशी, ऐकलंत का, उत्तीर्ण!’’ मावशी दारातच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं.

आता काकांनी मला साफ केलं आहे, नवी पट्टी घातली आहे. मी झकास चालतो. नवा वर्ग आला आहे, आणि आज सकाळपासून एक मुलगा माझ्यावर बोट टेकून बसला आहे. आत्ताच आतल्या आत त्यानं असं वाक्य म्हटलं, की टाळ्या पडाव्यात. तिकडे शांतता आहे. डोकी वळायला लागली आहेत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची निगा राखा, आमच्या फटीत बिस्किटांचा चुरा पाडू नका, हे मी सांगायला हवंच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. खोकला आला तर मला दाबा. शिंक आली तरी दाबा. ती सरली, की बाबांनो, बोट उचला. तुमचं चांगलं बोलणं एकट्यानं ऐकून ऐकून माझा जीव गुदमरतो.