दोन मिनिटांची पाळी

सासरे हृदयाच्या झटक्यातून निभावले, पण डॉक्टरांनी बजावलं, घरातल्या कुणीतरी छाती दाबून जीव धरून ठेवायला शिकून घ्या. थोरली लगेच त्या वर्गाला निघाली. अठरा वर्षं म्हाताऱ्याचं पथ्यपाणी तिनेच सांभाळलं होतं. दारात पाहते तर धाकटी जाऊ चपला घालून तयार! घरात येऊन वर्ष नाही झालं, आणि हल्ली सासरे गोळ्यांसाठीही हिलाच हाक मारत. आता त्यांचा जीवही हिच्याच हाती द्यायचा की काय? थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्गात जमिनीवर रबरी पुतळे मांडले होते. शिकवणारी, रुग्णवाहिकेवर काम केलेली जुनी नर्स. दाब पुरेसा पडला की पुतळ्याच्या खांद्यावर हिरवा दिवा, कमी पडला की लाल. धाकटीने पहिल्याच झटक्यात हिरवा लावला. "शाब्बास!" नर्स म्हणाली. थोरलीला ते मिरचीसारखं झोंबलं.

तिच्या हाताखाली मात्र लालच. नर्स वाकली. "अहो, तुम्ही तेल चोळताय! कोपर ताठ ठेवा, जोर लावा."

सासऱ्यांची पाठ चोळत आलेले ते हात दुखवायला तयारच होईनात. "आणि बरगडी मोडली तर?"

"मोडू दे. माणूस राहिला पाहिजे."

थोरलीने एकदा जावेकडे पाहिलं आणि असा दाब दिला की दिवा हिरवागार.

दोन मिनिटं झाली. "बदला! आता दुसरीची पाळी," नर्सने पुकारलं. थोरली जागची हलेना.

"ताई, द्या ना," धाकटी म्हणाली.

"माझं चाललंय!"

दंड भरून आले, दिवा लाल झाला, तरी बाई दाबतेच आहे. शेवटी नर्सने तिचे हात धरले. "थांबा. तुमचा पेशंट गेला. दमलेल्या हातांनी कुणी जगत नाही."

थोरलीला पुतळ्याच्या जागी सासरे दिसले.

दुसऱ्या खेपेला दोन मिनिटं भरत आली तशी, दंड भरून यायच्या आतच, ती शेवटचे दाब मोजत ओरडली, "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... घे!" धाकटीने घेतलं. दिवा हिरवाच राहिला. थोरलीला बघवत नव्हतं, पण ती बघत राहिली.

घरी सासऱ्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय गं, कुणाला चांगलं जमलं?"

धाकटीने जावेकडे पाहिलं. थोरलीच बोलली. "त्याला दोघी लागतात, मामंजी. एकटीचं काम नाही ते."

मग पदर खोचत म्हणाली, "पण सुरुवात मी करणार."