पांढऱ्या काठाची लेकरं

मित्रांनो, कन्हेरीच्या एका नर्सरीत मोठ्या कुंडीत बसलेलं मी स्पायडर प्लांट नावाचं शोभेचं जुनं झाड आहे. माझी पानं गवतासारखी लांब, हिरवी, आणि दोन्ही काठांना पांढरी किनार. शेजारच्या कुंडीत माझी बहीण. तिचे काठ हिरवे, पांढरा पट्टा मधोमध. आमची पिल्लं लांब दांड्यांना लोंबकळत वाढतात. ती बोटभर असतात तोवर भले भले त्यांच्यात फसतात.

नर्सरीचे मालक सावळारामतात्या ती खुडून पिशव्यांत लावत. पाणी घालायला सारजामावशी असे. तिच्या माहेरी मेंढ्यांचा कळप होता.

१९९८ च्या उन्हाळ्यात लोणी देवकरच्या एका कारखान्याने बागेसाठी पांढऱ्या काठाची तीनशे रोपं मागवली. टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सकाळी जोराची वावटळ आली. शेडची जाळी फाटली. मावशीने एकटीने सगळ्या पिशव्या भिंतीच्या आडोशाला ओढल्या. रोपं वाचली, पण दोन्ही जाती एकमेकींत मिसळल्या.

"सारजे, काय करून ठेवलंस हे!" तात्या ओरडले. "उद्या कारखान्याच्या मॅडम बघायला येणार. आता कुठलं रोप कुठलं, कसं सांगायचं?"

मावशीचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "मी निवडून देते, तात्या."

"पाटीवरचं नाव वाचता येत न्हाय तुला!"

"नाव कशाला लागतंय? मेंढरं बी लांबनं सारखीच दिसत्यात. पर धन्याला आपली कळत्यात न्हवं?"

ती सावलीत बसली. एकेक पान बोटावर उलगडून उजेडाकडे धरू लागली. काही पानं इतकी कोवळी की पट्टा उमटलाच नव्हता. तेव्हा ती माझ्यापाशी आली आणि माझा दांडा निरखू लागली. माझा दांडा हिरवा, बहिणीचा पांढरट. खुडलेल्या पिल्लांच्या बुडाशी त्याच दांड्याचा तुकडा शिल्लक होता! दिवस मावळला तेव्हा माझी लेकरं एका बाजूला उभी होती. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी कारखान्याच्या बागेचं काम बघणाऱ्या रोहिणी मॅडम आल्या. त्यांनी एक रोप उचललं. "हे त्यातलं वाटत नाही."

तात्यांनी मान खाली घातली. मावशी पुढे झाली. "ताई, बुडाशी दांडा बघा. हिरवा हाय का न्हाय?"

मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्या हसल्या. "खरंच की! कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही मला. निवडली कुणी ही?"

तात्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "आमच्या सारजाबाईंनी."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला 'बाई' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याच आठवड्यात त्यांनी तिच्या हातात रंगाचा डबा दिला. आमच्या पाट्या आता तीच करते. माझ्या पाटीवर दोन कडांना दोन पांढऱ्या रेघा, बहिणीच्या पाटीवर मधोमध एक. अक्षर एकही नाही, तरी कुणी चुकत नाही.

मित्रांनो, आम्हाला पाणी द्या, सावली द्या. पण त्याआधी घटकाभर आमच्यापाशी बसा. आपल्याला कुणीतरी नीट पाहिलं, एवढ्यानेही झाड सुखावतं. माणसाचंही तसंच असतं, हे मी सारजाबाईंच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.