एकशे बारा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बिल्ला आहे. गोल, तुमच्या तळहातात मावेन एवढा. डोक्याला एक भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, एकशे बारा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल, म्हणून माझी हकिगत मुळापासून सांगतो.

विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे पूर्वी सायकल स्टँड होता. जालिंदर तो सांभाळायचा. पोरं त्याला जालूमामा म्हणायची. आम्ही बिल्ले जोडीनेच जन्मायचो, एका आकड्याचे दोन. एक सायकलच्या हँडलला लटकायचा, दुसरा मालकाच्या खिशात जायचा. जाताना दोघे जुळले की सायकल मोकळी. मी हँडलवरचा आणि माझा भाऊ खिशातला. दिवसभर त्याने वर्गात बसायचं, मी ऊन खायचं आणि संध्याकाळी आमची भेट व्हायची. तसं सुख मला पुन्हा बरीच वर्षं मिळालं नाही.

मामाचा कारभार मोठा कडक. मोटारसायकली येऊ लागल्या तेव्हा त्याने नियम केला की हँडल लॉक करायचं नाही. मागच्याला निघायचं असलं की मामा पुढच्या चार गाड्या सरकवून वाट करून द्यायचा. बिल्ला हरवणाऱ्याला तर तो ओळखीचा माणूस आणल्याशिवाय सोडतच नसे. अजिनाथ नावाच्या पोराला त्याने भर दुपारी तासभर उभं केलं होतं. पोरगा रडकुंडीला आला, पण मामा काही बधला नाही.

हा बिल्ल्याचा नियम त्याने एकदाच मोडला, सत्यशीलासाठी. तिचा शेवटचा पेपर झाला होता. वसतिगृहातलं सामान भरून टेम्पो फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होता आणि तिच्याकडचा बिल्ला राहिला होता सामानाच्या तळाशी.

"जावा ताई, मी वळखतो तुमाला. बिल्ला आनून द्या सवडीनं," म्हणत मामाने मला हँडलवरून सोडवलं आणि तिला सायकल दिली. तिचं लग्न झालं, संसार लागला, ती सवड काही मिळाली नाही. जोडी नसलेल्या बिल्ल्याला कोण विचारतो? मी खिळ्यावर जाऊन बसलो.

पुढे स्टँडच मोडला. मोफत पार्किंगची पाटी लागली, पिवळे पट्टे मारले गेले आणि मामाला तिथल्याच फाटकावर पहारेकऱ्याचं काम मिळालं. माझे भाऊबंद भंगारात गेले. मला मात्र त्याने केबिनमध्ये खिळा ठोकून टांगलं. का, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या खिळ्यावरून मी आजचा काळ बघतो. जागा शंभर गाड्यांची, येतात चारशे. गाडीला गाडी चिकटलेली, सगळ्यांची हँडलं लॉक आणि मालक वर्गात. खोटं कशाला बोलू, पोरांची ती तारांबळ बघताना मला थोडी गंमत वाटायची.

माझी गंमत जिरली ती दीपामुळे. बेलापूर गावाहून स्कूटीवर येणारी ही पोरगी मागच्या महिन्यात अशीच तीन रांगांमागे अडकली आणि तिची नोकरीची मुलाखत बुडाली. केबिनच्या पायरीवर बसून ती रडली. मामा शेजारी नुसता उभा होता. लॉक केलेल्या गाड्या सरकवणार तरी कशा?

परवा सकाळी ती पुन्हा केबिनपाशी आली. "मामा, परत बोलावलंय. बाराला, नगरला. माझं प्रॅक्टिकल साडेदहाला सुटंल. आज तरी निघंल ना गाडी? का बाहेर रस्त्यावरच लावू?"

"बाहेर नगं, उचलून नेत्यात. आत लाव. निघंल."

मामाने मला खिळ्यावरून काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि तिच्या हँडलला बांधलं. मग खुर्ची टाकून तो तिथेच बसला. येईल त्याला सांगायचा, "हितं लावायची तर हँडल मोकळं ठिव. लेकराला नगरला जायचंय." पोरं हसली, पण त्यांनी ऐकलं.

साडेदहाला दीपा धावत आली. मामाने भराभर गाड्या सरकवल्या. शेवटची लाल मोटारसायकल मात्र हलेना. पार्थ नावाच्या पोराने "हो मामा, हो मामा" म्हणत सवयीने लॉक करून टाकलं होतं! दीपाचा चेहरा उतरला. मामा तसाच तरातरा पार्थच्या वर्गाकडे गेला. तिथलं मला नंतर पार्थच्याच तोंडून कळलं. दारात उभा राहून मामा म्हणाला, "सर, खाली एक बिल्ला अडकलाय."

शिकवणारे सर म्हणजे तोच तो अजिनाथ. त्यांनी खडू खाली ठेवला. "लाल गाडी कुणाची? पळ लवकर. ह्यांनी मला तासभर उन्हात उभं केलं होतं."

दीपा निघाली आणि गडबडीत मी हँडलवरच राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी फाटकाबाहेर पडलो. वाऱ्याने माझा नुसता खणखणाट चालला होता. बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही नगरला पोचलो.

संध्याकाळी बेलापूरच्या अंगणात दीपाच्या आईचं माझ्याकडे लक्ष गेलं. हातातली बादली तिने तिथेच ठेवली. ती घरात गेली आणि पेटीची किल्ली घेऊन आली. किल्लीच्या दोरीला माझा भाऊ होता. मित्रांनो, सव्वीस वर्षांनी! हात लागून लागून त्याचा आकडा पुसट झाला होता, पण मी त्याला ओळखलं. सत्यशीलालाही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या मागे स्कूटीवर बसून आली आणि आम्हा दोघांना मामापुढे धरलं. "जालूभाऊ, लई उशीर झाला. सवड आत्ता मिळाली."

मामाने जुन्या सवयीने आमचे आकडे एकाला एक लावून पाहिले. "जुळलं ताई," तो म्हणाला आणि आम्हा दोघांना शर्टाच्या बाहीने पुसू लागला.

दीपाच्या नोकरीचं अजून कळलेलं नाही. आम्ही दोघे मात्र आता एकाच खिळ्यावर असतो. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे, गाडी लावल्यावर एकदा मागे वळून बघा. तिथे कुणाचीतरी गाडी असेल आणि त्यालाही कुठेतरी वेळेत पोचायचं असेल.